आल्फ्रेड ब्युखी: टर्बोचार्जरचा जनक, आणि टर्बोचे बोल्ट एवढे जाम का होतात

नाशिकच्या द्वारका चौकात पाच मिनिटं उभे राहा. लासलगावचा कांदा घेऊन मुंबईकडे निघालेले ट्रक, पिंपळगावची द्राक्षं नेणारे पिकअप, आपल्याच सातपूरच्या कारखान्यात बनलेल्या बोलेरो आणि स्कॉर्पिओ असं सगळं समोरून जातं. यातल्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या बॉनेटखाली गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग बसवलेला असतो. तोच टर्बोचार्जर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत नुसता टर्बो.

या टर्बोची गॅरेजमध्ये एक खास ख्याती आहे: तो सहजासहजी उघडत नाही. बोल्ट हलत नाही, जोर लावला तर मुंडी तुटून हातात येते. बोल्ट निघाले तरी हाउसिंग जागचं हलत नाही. इंजिनाचे बाकीचे नट निमूट सुटतात, मग टर्बोचेच एवढे का अडतात? याचं उत्तर या यंत्राच्या मूळ कल्पनेतच दडलेलं आहे. ज्या माणसाला ती कल्पना सुचली, तो स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी स्वतः याच उष्णतेपायी जवळपास वीस वर्षं अडकून पडला होता. आज त्याची गोष्ट पाहू, आणि त्याच गोष्टीच्या आधारे जाम झालेला टर्बो न मोडता कसा सोडवायचा तेही पाहू.

आधी थोडक्यात: टर्बो करतो काय?

डिझेल इंजिनात जाळलेल्या इंधनाच्या ऊर्जेचे ढोबळ मानाने तीन वाटे होतात. एक चाकं फिरवायला, दुसरा रेडिएटरमधून बाहेर आणि तिसरा सायलेन्सरमधून धुराबरोबर हवेत. या तिसऱ्या वाट्यातला काही भाग परत मिळवणं हे टर्बोचं काम.

त्यासाठी एका छोट्या शाफ्टच्या दोन टोकांना दोन चाकं असतात. एका टोकाचं टर्बाइन इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूने फिरतं. दुसऱ्या टोकाचा कॉम्प्रेसर त्याच शाफ्टमुळे फिरतो आणि बाहेरची हवा दाबून सिलेंडरमध्ये भरतो. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल जाळता येतं, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद मिळते. कारच्या छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड लाख फेऱ्यांपर्यंत जातो, म्हणजे सेकंदाला २,५०० फेऱ्या.

आता यातली गोची बघा. डिझेल गाडीत टर्बाइनकडे येणारा वायू जोराच्या चढावर ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. तिथून वीतभर अंतरावर, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला, बाहेरची गार हवा आत ओढली जाते. आणि मधल्या भागात तेलाच्या पातळ थरावर बेअरिंग तरंगत असतात. भट्टी, फ्रिज आणि तेलाची वाटी एकाच दांडीवर ओवल्यासारखी ही रचना आहे. ती गरज म्हणूनच तशी आहे, कारण गरम बाजूची ऊर्जा गार बाजूला पोचवायची तर दोघांना जोडावंच लागतं.

विंटरथूरचा मुलगा

आल्फ्रेड ब्युखीचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावी झाला. आपल्याकडे जशी किर्लोस्करवाडी, तसं विंटरथूर हे यंत्रांचं गाव. तिथल्या सुल्झर या मोठ्या कारखान्यात आल्फ्रेडचे वडील योहान ब्युखी वरच्या पदावर होते.

एक गमतीचा योगायोग सांगतो. ज्या वर्षी आल्फ्रेड जन्मला त्याच वर्षी म्युनिकचा एक तरुण विद्यार्थी याच सुल्झर कारखान्यात काही काळ काम शिकायला आला होता. टायफॉइडमुळे त्याची शेवटची परीक्षा हुकली होती आणि पुढच्या परीक्षेपर्यंतचा वेळ त्याला सत्कारणी लावायचा होता. त्याचं नाव रुडॉल्फ डिझेल. पुढे डिझेलने इंजिन बनवलं आणि त्या इंजिनाच्या धुरातून वाया जाणारी ऊर्जा परत वापरायची वाट ब्युखीने शोधली.

आल्फ्रेडने १८९९ मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये, म्हणजे आज ईटीएच म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, यंत्र अभियांत्रिकीला प्रवेश घेतला आणि १९०३ मध्ये पदवी घेतली. त्यानंतर तो बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये नोकरीला होता. धुरातून फुकट जाणाऱ्या उष्णतेचं काहीतरी करायचं हा किडा त्याच्या डोक्यात याच काळात शिरला.

सव्विसाव्या वर्षीचं पेटंट

१६ नोव्हेंबर १९०५ या तारखेने ब्युखीच्या नावावर जर्मन पेटंट क्रमांक २०४६३० नोंदलं गेलं. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. आपल्याकडे या वयाची पोरं दुसऱ्या कंपनीत जाऊन पगार किती वाढेल याचा हिशेब करत असतात, मीही त्यातलाच.

पेटंटमधली कल्पना सांगायला सोपी होती. कॉम्प्रेसर, पिस्टनचं इंजिन आणि टर्बाइन हे एकामागोमाग एक जोडायचे. कॉम्प्रेसरने हवा दाबायची, इंजिनाने ती जाळायची आणि बाहेर पडणाऱ्या वायूने टर्बाइन फिरवायचं. टर्बाइन आणि कॉम्प्रेसर एकाच शाफ्टवर. आज जगभरचे टर्बो ज्या तत्त्वावर चालतात ते तत्त्व इथे कागदावर उतरलं, म्हणूनच या पेटंटला टर्बोचार्जरचा जन्म मानतात.

पण कागद आणि कारखाना यांच्यात फार मोठं अंतर होतं. तेव्हाचे कॉम्प्रेसर घेतलेल्या ताकदीच्या मानाने फारच कमी हवा दाबायचे. लालबुंद होईपर्यंत तापूनही आकार न सोडणारे मिश्रधातू जवळपास नव्हतेच. आज टर्बाइनचं चाक निकेलच्या मिश्रधातूचं असतं. असे धातू बाजारात यायला अजून कित्येक वर्षं होती.

सुल्झरमध्ये अडलेली गाडी

काही वर्षांनी ब्युखी विंटरथूरला परतला आणि वडिलांच्याच सुल्झर कारखान्यात रुजू झाला. १९११ च्या सुमारास तिथे त्याच्या कल्पनेवर प्रत्यक्ष प्रयोग सुरू झाले. इथून पुढची वर्षं त्याची परीक्षा बघणारी होती.

अडचण काय होती ते समजून घेऊ, कारण आपला जाम बोल्टही याच अडचणीचा नातेवाईक आहे. इंजिनाच्या धुराच्या वाटेत टर्बाइन बसवलं की धुराला बाहेर पडायला अडथळा होतो. मागे दाब साचतो. कॉम्प्रेसर चांगला नसेल तर तो जेवढ्या दाबाने हवा आत ढकलतो त्यापेक्षा हा मागचा दाब जास्त ठरतो. मग सिलेंडरमधला जळका वायू पूर्ण बाहेर जात नाही, ताज्या हवेला जागा मिळत नाही आणि सगळं तापत जातं. व्हॉल्व्ह तापतात, पिस्टन तापतो, टर्बाइन तर भाजूनच निघतं. ताकद वाढवायला लावलेलं यंत्र उलट इंजिनाचा गळा आवळू लागतं.

पहिलं महायुद्ध सुरू असताना, १९१५ मध्ये, ब्युखीचा एक नमुना तयार झाला. उंचावर हवा विरळ होते आणि विमानाच्या इंजिनाचा दम जातो, त्यावर उपाय म्हणून तो बनवला होता. तो भरवशाने चालला नाही आणि उत्पादनापर्यंत पोचलाच नाही.

इतर लोक हातावर हात ठेवून बसले नव्हते. फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो याने याच काळात विमानाच्या इंजिनांना टर्बो लावून पाहिला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉसने १९१८ मध्ये विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर चढवून पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच डोंगरावर नेलं आणि विरळ हवेत टर्बो काय करू शकतो ते दाखवून दिलं. कल्पना ब्युखीची आणि गाजावाजा दुसऱ्यांचा, अशी वेळ आली.

शिवाय घड्याळ चालूच होतं. त्या वेळच्या जर्मन कायद्यात पेटंटचं आयुष्य १५ वर्षांचं होतं. ज्या पेटंटवर ब्युखीचं नाव होतं त्याची मुदत भरवशाचं एकही यंत्र बाजारात न येता सरत चालली होती. पन्नाशीकडे झुकणाऱ्या माणसाने तरुणपणीची ही कल्पना सोडून दिली असती तर कुणी नावं ठेवली नसती.

१९२५: जोर वाढवला नाही, वाट मोकळी केली

ब्युखीने ती सोडली नाही. पण टर्बाइन आणखी मजबूत करा, दाब आणखी वाढवा, हा सरधोपट मार्गही त्याने धरला नाही. वायू नेमका कुठे आणि कधी अडतो हे त्याने शोधायला घेतलं.

इंजिनाचा धूर सलग वाहत नाही. प्रत्येक सिलेंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की धूर एका ठोक्यासारखा बाहेर पडतो, त्यानंतर क्षणभर दाब खाली येतो, आणि मग पुढच्या सिलेंडरचा ठोका येतो. सगळ्या सिलेंडरचा धूर एकाच जाड पाइपात सोडला की एकाचा ठोका दुसऱ्याच्या उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो. लग्नाच्या मांडवाला एकच दार असलं की जेवून निघालेले आणि जेवायला आलेले समोरासमोर अडकतात ना, अगदी तसंच.

१९२५ च्या पेटंटमध्ये ब्युखीने दोन गोष्टी एकत्र केल्या. पहिली, ज्या सिलेंडरांचे ठोके एकमेकांच्या आड येत नाहीत अशांचे गट करायचे आणि प्रत्येक गटाला टर्बाइनपर्यंत वेगळा, बारीक पाइप द्यायचा. उदाहरणार्थ, सहा सिलेंडरच्या इंजिनात १, २, ३ एका पाइपात आणि ४, ५, ६ दुसऱ्यात. दुसरी, ठोका ओसरून दाब खाली आला की त्या क्षणी इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे ठेवायचे. मग आत येणारी ताजी हवा उरलेला जळका वायू झाडून बाहेर काढते आणि जाता जाता पिस्टन, व्हॉल्व्ह आणि टर्बाइन यांना गारही करते.

एवढ्याने ताकदही वाढली आणि तापणंही आटोक्यात आलं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात सर्व्हर अडखळला की आधी मोठा सर्व्हर मागायची पद्धत आहे. विनंत्या एकमेकींत कुठे अडकतात हे शांतपणे पाहणारा माणूस टीममध्ये एखादाच असतो. ब्युखी त्या जातीचा होता.

दोन जहाजं

या कामाचा पहिला मोठा पुरावा समुद्रावर मिळाला. जर्मनीच्या वाहतूक मंत्रालयाने बाल्टिक समुद्रातल्या प्रवासी सेवेसाठी प्रॉइसन आणि हान्सेस्टाट डान्झिग ही दोन जहाजं बांधायला घेतली होती. प्रत्येक जहाजावर दहा सिलेंडरची दोन डिझेल इंजिनं होती आणि ब्युखीच्या देखरेखीखाली त्यांना टर्बो बसवण्यात आले. जे इंजिन १,७५० अश्वशक्ती द्यायचं ते २,५०० देऊ लागलं, म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त वाढ. दोन्ही जहाजं १९२६ मध्ये पाण्यात उतरली. पेटंटपासून मोजलं तर २१ वर्षांनी.

या जहाजांचा शेवट मात्र वाईट झाला. दुसऱ्या महायुद्धात त्यांना सुरुंग पेरण्याच्या कामाला जुंपलं गेलं आणि १९४१ मध्ये स्वीडनच्या ओलांड बेटाजवळ पेरलेल्या सुरुंगांवर आदळून दोन्ही बुडाली. तोवर त्यांनी आपलं काम केलं होतं. टर्बो लावलेलं डिझेल इंजिन प्रवासी घेऊन रोजच्या रोज चालू शकतं यावर आता कुणाला शंका उरली नव्हती.

त्यानंतर ब्युखी सुल्झरमधून बाहेर पडला. त्याने उभ्या केलेल्या संस्थेला लोक ब्युखी सिंडिकेट म्हणत. कामाची वाटणी स्पष्ट होती: इंजिनिअरिंग आणि गिऱ्हाइकं ब्युखी सांभाळणार, टर्बो बाडेनची ब्राउन बोव्हेरी कंपनी बनवणार आणि चाचणीसाठी मोठी डिझेल इंजिनं विंटरथूरचाच रेल्वे इंजिनांचा कारखाना देणार. ही ब्राउन बोव्हेरी १९८८ मध्ये स्वीडनच्या आसिआमध्ये विलीन झाली आणि एबीबी बनली. त्या एबीबीचा स्विचगिअरचा कारखाना आपल्या नाशिकमध्येही आहे.

१९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्याच सॉरर कंपनीने टर्बो डिझेल इंजिनाचा ट्रक काढला. जहाजावरचं यंत्र रस्त्यावर उतरलं. ब्युखी २७ ऑक्टोबर १९५९ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, विंटरथूरलाच वारला. टर्बो लावलेल्या पहिल्या प्रवासी कार १९६२ मध्ये अमेरिकेत आल्या, त्या त्याने पाहिल्या नाहीत. वाराणसीत १९६४ पासून बनू लागलेली आणि पुढे देशभर धावलेली डब्ल्यूडीएम-२ रेल्वे इंजिनं टर्बोवरच चालायची, तीही त्याच्यानंतरची.

आता आपला जाम टर्बो

ब्युखीने उष्णतेला वाट दिली, पण ती संपवली नाही. ती संपवता येतही नाही. टर्बो उघडताना जे काही अडतं ते याच उरलेल्या उष्णतेने केलेलं असतं. कुठे काय अडतं आणि का, ते एकेक करून पाहू.

*गरम बाजूचे बोल्ट.* टर्बाइनचं हाउसिंग बिडाचं असतं. ते रोज तापतं, निवतं, परत तापतं. दर वेळी बोल्टचे आटे आणि भोकाचे आटे एकमेकांवर घासतात आणि उष्णतेने त्यांच्यावर ऑक्साइडचा थर चढतो. त्यात इगतपुरीचा पाऊस मिळाला की गंज. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आट्यांमधल्या फटीत तेवढी जागा नसते, म्हणून तो पाचरीसारखा बसतो. तुम्ही पान्याने जोर लावता तेव्हा खरी झुंज या पाचरीशी असते. बोल्ट तिच्यापेक्षा कमजोर असेल तर तोच तुटतो.

*गार बाजूचं हाउसिंग.* हे ॲल्युमिनियमचं असतं आणि ते लोखंडी किंवा बिडाच्या भागावर चपखल बसतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल, म्हणजे पांढरट गंज आलाच.

*मधला शाफ्ट.* कसारा घाट चढून आलेला ट्रक इगतपुरीला चहाला थांबतो आणि ड्रायव्हर लगेच इंजिन बंद करतो. तेलाचा प्रवाह थांबतो, पण टर्बाइन अजून भयंकर तापलेलं असतं. ती उष्णता शाफ्टमधून बेअरिंगकडे सरकते आणि तिथलं थांबलेलं तेल करपून कडक कोळसा बनतं. असं शेकडो वेळा झालं की शाफ्ट जड फिरायला लागतो, शेवटी धरतोच. म्हणून चढानंतर इंजिन एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा असं जुने ड्रायव्हर सांगतात, ते अगदी बरोबर आहे.

*हलणारी पाती.* नव्या गाड्यांत टर्बाइनभोवती हलती पाती असतात. गाडी सतत शहरातच हळू चालली तर त्यांच्यात काजळी साचते आणि ती अडकतात. गाडीचा दम जातो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. पुष्कळदा फक्त काजळी साफ करून काम भागतं.

सोडवायचं कसं?

क्रम महत्त्वाचा आहे, घाई करू नका. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच हात घाला.

१. उघडण्याआधी तिन्ही हाउसिंगवर आडवी खूण करा आणि फोटो काढा. हाउसिंग एकमेकांत कुठल्याही कोनात बसू शकतात. खूण नसेल तर परत लावताना तेलाचे पाइप जुळत नाहीत.

२. गरम बाजूच्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पुन्हा मारा. तेलाला बारीक फटीत शिरायला वेळच लागतो. बोल्टखाली लॉकची पट्टी वाकवलेली असेल तर ती आधी सरळ करा.

३. सहा कोनी बॉक्स पाना वापरा, बारा कोनी पान्याने मुंडी गोल होते. आधी बोल्ट किंचित आवळायच्या दिशेने हलवून पाहा, मग सोडायच्या. थोडा सुटला की परत थोडा आत घ्या आणि मग पुन्हा बाहेर. गंजाची पूड अशी हळूहळू निघते. पान्याला लांब पाइप लावून लटकू नका.

४. तरीही हलत नसेल तर गॅस मारायचा. तेल पुसून टाका, आसपास डिझेल नाही ना ते पाहा, हवा खेळती ठेवा. ज्योत बोल्टवर धरू नका, त्याच्याभोवतीच्या बिडावर धरा. १० मिलिमीटरचं भोक ३०० अंशांनी तापलं तर साधारण ०.०३६ मिलिमीटरने मोठं होतं. आकडा छोटा वाटतो, पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. भोक मोठं व्हावं आणि बोल्ट तेवढा तापू नये हाच सगळा खेळ आहे.

५. मुंडी तुटलीच तर घाबरू नका. उरलेल्या ठुशीवर एक नट ठेवून आतून वेल्ड करतात. वेल्डच्या उष्णतेने आटे मोकळे होतात आणि पकडायला नवा नटही मिळतो. हे काम सराव असलेल्या वेल्डरकडूनच करून घ्या.

६. बोल्ट निघाले आणि हाउसिंग हलत नाही, तर फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. आतल्या पात्यांची टोकं आणि हाउसिंग यांच्यात मिलिमीटरच्या अंशाएवढीच जागा असते. नायलॉनच्या हातोडीने चारी बाजूंनी आळीपाळीने हलकेच ठोका आणि सरळ रेषेत ओढा. तिरकं आलं तर पाती वाकली.

७. ॲल्युमिनियमच्या बाजूला गॅस कधीच मारू नका. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंशांना वितळतं आणि त्याआधी लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. तिथे गरम हवेची गन पुरते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे वरचं हाउसिंग आपोआप ढिलं होतं.

८. कॉम्प्रेसरच्या चाकाचा नट सोडण्याआधी आटे नीट पाहा. बऱ्याच टर्बोंना इथे उलटा आटा असतो आणि सवयीने फिरवलेला हात तो आणखी आवळतो. नट, चाक आणि शाफ्ट यांच्यावर एका रेषेत खूण करा, कारण हे तिन्ही एकत्र बॅलन्स केलेले असतात. शाफ्ट धरायचा तो टर्बाइनच्या नाकाशी असलेल्या षटकोनाला, पात्यांना कधीच नाही. टी आकाराचा पाना वापरा, म्हणजे शाफ्टवर एका बाजूने जोर येऊन तो वाकत नाही.

९. करपलेलं तेल कार्बन काढणाऱ्या द्रावणात भिजवून काढा. बेअरिंगच्या जागी तारेचा ब्रश लावू नका. शाफ्ट निळा पडलेला असेल किंवा त्यावर चरे असतील, तर तो साफ करून परत वापरण्यात अर्थ नाही.

१०. परत बसवताना गरम बाजूच्या बोल्टला जास्त तापमानाचं अँटीसीझ लावा आणि सील नवे घाला. इंजिन सुरू करण्याआधी टर्बोत तेल ओता. पुढच्या वेळी उघडणारा माणूस मनात तुमचे आभार मानेल.

एक मर्यादा लक्षात ठेवा. उघडणं आणि साफ करणं गॅरेजमध्ये होऊ शकतं, पण चाक किंवा शाफ्ट बदलला तर वेगात बॅलन्सिंग करणारं मशीन लागतंच. सेकंदाला अडीच हजार फेऱ्या घेणाऱ्या वस्तूला अंदाजपंचे बॅलन्स करता येत नाही.

आणि सहा सिलेंडरच्या ट्रकचा टर्बो कधी तुमच्यासमोर उघडला गेला तर टर्बाइन हाउसिंगच्या तोंडात वाकून बघा. बहुतेक वेळा तिथे एक नाही, शेजारी शेजारी दोन भोकं दिसतील आणि त्यांच्या मधोमध एक पातळ भिंत. तीन-तीन सिलेंडरचा धूर वेगळा ठेवणारी ती भिंत म्हणजे ब्युखीचं १९२५ चं पेटंट, बिडात ओतलेलं. दोन्हीकडून भाजत असल्यामुळे तडा सगळ्यात आधी तिलाच जातो. म्हणून काजळी पुसून, टॉर्च मारून ती तपासल्याशिवाय हाउसिंग परत बसवू नका.